इमानावर

"पंख आजारी कोंबडीसारखे खाली पडलेत मिस्त्री, जरा वर घ्या की," सरपंच भिमाजीअण्णा म्हणाले.

पुंजाराम मिस्त्रींचा रंधा चालूच राहिला. "खालीच असत्यात," ते म्हणाले.

"कोन म्हनतं?"

"कानिफ."

 अंगणात बसून सल्ले देणारी पाच-सात माणसं खिशात विड्या शोधू लागली. ज्याच्या नावानं विमान बनत होतं, त्याच्या बापानंच त्याचं नाव घेतल्यावर कोण काय बोलणार? अण्णांनी धोतराचा सोगा झटकला, "बरं बरं, तुमालाच ठावं," असं काहीतरी पुटपुटले आणि पंचायतीकडे निघून गेले. पंख होते तसेच राहिले. त्या सबंध कामात मिस्त्रींचा शब्द चालला तो एवढा एकदाच.

मी ओसरीवर अस्तराचा पांढरा रंग ढवळत बसलो होतो. माझं नाव मेहताब. नगरला माळीवाड्याला ट्रक रंगवतो. मागच्या फळीवर मोर, बाजूला कमळं, वर मालकाच्या देवाचं नाव आणि खाली 'हॉर्न प्लीज'. देव कोणाचाही असो, अक्षर माझं. विमान मात्र मी कधी रंगवलं नव्हतं, जवळून पाहिलंही नव्हतं. पण १९७२ चा पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती आणि गावोगाव काही ना काही उभं राहत होतं. कुठे स्तंभ, कुठे नुसतीच कोनशिला. सोनईपासून दोन कोसांवरच्या या गावानं ठरवलं, आपण विमान उभं करायचं. लढाऊ विमान, नॅट. कारण आदल्या डिसेंबरच्या लढाईत, पंजाबच्या बाजूला, या गावचा कानिफनाथ कामी आला होता. पुंजाराम मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा, वय तेवीस.

विमान बनवायचं कोणी, हा प्रश्न गावाला पडलाच नाही. गावात सुतार एकच.

"म्हणजे पोराचं थडगं बापानंच बांधायचं?" मी पहिल्याच दिवशी अण्णांना विचारलं होतं. माझी जीभ जरा सैलच आहे.

"त्यांनीच मागून घेतलं काम," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत."

मी मिस्त्रींच्याच घरी उतरलो होतो, त्यामुळे दोन दिवसांत त्यांचे मामा झाले आणि त्यांच्या बायकोची, रतनबाईंची, मामी. मामा साठीला आलेले. सगळा जन्म बैलगाडीची चाकं आणि औतं करण्यात गेलेला. शिंगणापूर शिवेलाच लागून. तिथल्या घरांना दारं नसतात, त्यामुळे तिकडून काम आलं तरी नुसत्या चौकटीचं येई. "म्या अर्धाच सुतार," मामा म्हणत आणि स्वतःच हसत. यंदा पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, पेरण्या नव्हत्या, त्यामुळे औतंही कोणी दुरुस्तीला आणत नव्हतं. विमानासाठी वेळच वेळ होता.

नमुना म्हणून पंचायतीनं एक कॅलेंडर दिलं होतं. त्यावर ढगांत तिरकं झालेलं नॅट. मामांनी ते एकदा नीट पाहिलं आणि परत दिलं.

"ह्ये लांबून बघितल्यालं हाय," म्हणाले.

त्यांच्याकडे याहून पक्का नमुना होता, कानिफची पत्रं. चार वर्षांची, एका जुन्या पिशवीत. मामांना वाचता येत नव्हतं. शाळेत जाऊन मास्तरांकडून ती एकेकदा वाचून घेतलेली होती, पण तेव्हा ती बापाच्या कानानं ऐकली होती. आता ती सुताराच्या कानानं ऐकायची होती. दुपारची जेवणं झाली, मामी पाण्याला गेल्या, की मी एकेक पत्र वाचायचो आणि मामा डोळे मिटून बसायचे.

"तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार. आमचं विमान फार लहान आहे. पंखाखालून जाताना मी थोडा वाकतो, एवढंच. पंख टोकाकडे जरा खाली उतरतात. पोटाखाली मात्र गुडघ्यावरच जावं लागतं. आपल्या बैलगाडीखाली तुम्ही वंगण द्यायला शिरता ना, तसंच..."

"थांब," मामा म्हणायचे. "थोडाच वाकतो म्हनतो का?"

"थोडाच."

मग ते उठायचे आणि हातातली काठी लाकडाला लावून बघायचे. ही काठी मला आधी कळली नव्हती. सतरा इंचांची, गुळगुळीत तासलेली, तिच्यावर पाच-सहा खाचा. मी ती फुटपट्टी समजत होतो. नंतर मामींनीच सांगितलं, "त्यो आमचा कानिफ हाय. चार हिश्शांतला एक हिस्सा." कानिफ पाच फूट आठ इंच होता. भरतीला गेला तेव्हा चौकटीला उभा करून मामांनी त्याची उंची घेतली होती. विमान खऱ्याच्या चौथ्या हिश्शाचं, म्हणून त्या उंचीचाही चौथा हिस्सा म्हणजे ही काठी, आणि खाचा म्हणजे गुडघा, कंबर, छाती, खांदा, कान. पत्रात 'छातीला लागतं' असं आलं, की विमानाचा तेवढा भाग काठीच्या छातीला लागलाच पाहिजे. सगळं विमान पोराच्या अंगावर बेतून चाललं होतं.

पोट आंब्याच्या जुन्या खोडाचं, आतून कोरून हलकं केलेलं. पंख आणि शेपूट सागवानी फळ्यांची. बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं, वर काचेचा घुमट. काच कुठून आणणार, म्हणून पत्रा वाकवून बसवला आणि मी तो रंगवला. अण्णांना आत मिशीवाला वैमानिक हवा होता. मामांनी माझ्याकडे पाहून नुसती नकाराची मान हलवली. तेव्हा मी एक युक्ती केली. काचेवर ऊन चमकतंय असा पांढरा फराटा ओढला. ऊन चमकलं की आत कोण आहे ते कोणालाच दिसत नाही. अण्णा म्हणाले, "लई हुबेहूब." आमची दोघांची सुटका झाली.

पण मान का हलवली, हे माझ्या डोक्यात राहिलं. आणि पत्रं वाचता वाचता दुसरीही गोष्ट लक्षात येऊ लागली. चार वर्षांच्या पत्रांत कानिफनं वरून पाहिलेलं काहीच नव्हतं. ढग नाही, नदी नाही, मुंगीएवढी घरं नाहीत. सगळं खालून पाहिलेलं. पोटाला किती झाकणं, तेल कुठून भरतात, कुठला नट गरम असला की हात भाजतो. एका पत्रात होतं, "विमान उभं असताना चाकांपुढे लाकडी ठोकळे लावतात. साहेब आत बसले, मशीन चालू झालं, की ते ठोकळे ओढायचे आणि हात वर करायचा. ते काम माझं. तुम्ही चढावर गाडीच्या चाकाला दगड लावता, त्याची आठवण होते."

मामी पाण्याला गेल्या होत्या. विहिरी आटल्यामुळे त्यांना तास-दीड तास लागे. मी पत्र घडी करून ठेवलं.

"मामा, कानिफ विमान चालवत नव्हता."

मामांनी डोळे उघडले. रागावतील असं मला वाटलं होतं. पण बऱ्याच दिवसांचं ओझं कोणीतरी हात लावून उतरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"न्हाई," ते म्हणाले. "त्यो फिटर हुता."

"मग गाव असं का..."

"चूक माझीच हाय. पोरगं भरती झालं, जो त्यो इचारायचा, काय करतंय? म्या म्हनायचो, इमानावर हाय."

मामांच्या तोंडी विमानाचं इमान व्हायचं. माझ्या कानाला तो शब्द वेगळाच लागायचा, पण आत्ता मला हसू आलं ते दुसऱ्याच कारणानं. मी ट्रकवाल्यांत वाढलेला माणूस. 'गाडीवर आहे' म्हटलं की ड्रायव्हरही गाडीवर आणि क्लीनरही गाडीवर. माझ्या मेहुण्याची सोयरीक याच शब्दावर जमली होती, आणि मुलीकडच्यांना तो क्लीनर आहे हे हळद लागल्यावर कळलं. गावानंही तेच केलं. इमानावर म्हणजे इमान चालवणाराच. मामांना आधी ते बरं वाटलं, मग दुरुस्त करायला लाज वाटली, आणि मग तार आली.

"चैतात त्याचा सोबती आला हुता," मामा सांगू लागले. "गोरक्षनाथ, राजूरकडचा. हिरीवर नेऊन त्येनं मला समदं सांगितलं. सांजच्याला भोंगा झाला. साहेब इमानात बसल्याला. वरनं दुश्मन आल्याला. बाकीची चरात पळाली. कानिफ चाकापाशी ऱ्हायला, ठोकळं वढलं, हात वर केला. इमान गेलं. आन् मंग बाम पडला."

"आणि साहेब?"

"साहेब आला की माघारी. धड हाय." मामा काठीच्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिले. "जो उडाला त्यो आला, मेहताब. जिमिनीवरचा गेला."

मी घडी केलेलं पत्र पिशवीत सरकवलं. 

"मामींना माहीत आहे?"

"न्हाई. तार आली तवा तिनं येकच इचारलं, लई लागलं का त्याला? म्या म्हनलं, लागंल कुठून, त्यो वर हुता, ढगात. मयत बी हितं आलं न्हाई. तिकडंच अग्नी दिला. तवा तिच्या लेखी पोरगं अजून वरच हाय. तिला आता खाली कसं आनू?"

मग ते उठले आणि कोपऱ्यातून बाभळीचा एक ठोकळा घेऊन आले. "कुनाला सांगायचं न्हाई. पन चाकं मी अशी करनार, की ज्याला बघायचंय त्यो चाकाकडंच बघंल. म्होरं ठोकळं लावनार. इमान चौथऱ्यावर उभं ऱ्हायलं, का मला तरी कळंल पोरगं कुठं हुतं. तेवढंच पायजे मला."

पुढचे पाच दिवस मामांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. जन्मभर चाकं केलेला माणूस तो. तीन लहान चाकं, बाभळीची, कडेला टायरच्या चपलेचं रबर. बोटानं टिचकी मारली की गरगर फिरत राहायची. चाकांचे पाय विमानाच्या पोटात घालून खुंट्या अशा मारल्या की विमानाचे तुकडे झाले तरी पाय निघणार नाहीत. ठोकळे मी पिवळे रंगवले. अंगणात विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं, तेव्हा मामांनी काठी पंखाजवळ उभी धरली आणि जराशी तिरकी केली. काठी पंखाखालून बरोब्बर गेली. मामी दारातून बघत होत्या. त्या पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आता नुसतं उडायचं ऱ्हायलंय."

ऑगस्टच्या आठ तारखेला बैलगाडीतून पंधरा फुटी लोखंडी खांब आला.

"ह्यो कशाला?" मामांनी विचारलं.

"विमान वर नको का?" अण्णा म्हणाले. "चौथऱ्यावर ठेवलं तर शेरडं चढतील, पोरं मोडून टाकतील. आन् मिस्त्री, ही चाकं काढा. उडत्या विमानाला चाकं नसत्यात. कॅलेंडर बघा."

"चाकं ऱ्हाऊ द्या अण्णा."

"आवो, नगरहून साहेब लोक येनार. हसतील आपल्याला." अण्णा माझ्याकडे वळले. "पेंटर, तुमी पत्रं वाचताय ना? खरं सांगा. उडताना चाकं भाईर असत्यात का?"

मामा माझ्याकडे बघत होते. मी खोटं बोलू शकलो असतो. पण अंगणात मास्तर होते, आणि ती पत्रं त्यांनीही वाचलेली होती. कानिफनं स्वच्छ लिहिलं होतं, 'जमीन सुटली की चाकं पोटात जातात आणि झाकणं लागतात.'

"आत जातात," मी म्हणालो.

"बघा," अण्णा म्हणाले. "तुमच्याच पोरानं लिवलंय."

मामांनी तोंड उघडलं. आता सांगतात असं मला वाटलं. तेवढ्यात मामी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काढा की वो. जिमिनीवर कशाला ठेवायचं त्येला?" मामांनी तोंड मिटलं.

खुंट्या निघेनात. मारल्याच तशा होत्या. शेवटी करवत घ्यावी लागली. मी विमान पोटाला धरून उचललं आणि मामांनी पोटाखाली गुडघ्यावर बसून एकेक पाय कापला. भुसा त्यांच्या टोपीवर, भुवयांवर पडत होता. तिसरा पाय कापून झाल्यावरही ते बराच वेळ तसेच खाली बसून राहिले. मी विमानाचा भार दोन्ही हातांवर घेऊन उभा, खाली ठेवू कुठे? चाकंच नव्हती. शेवटी मीच हाक मारली, तेव्हा ते बाहेर आले आणि कापलेल्या जागेवर झाकणं बसवू लागले. झाकणांचा सांधासुद्धा त्यांनी नखाला लागणार नाही असा घासला. गबाळं काम त्यांना येतच नव्हतं.

माझ्या वाट्याला आता पाटी उरली होती. अण्णांनी मजकूर लिहून दिला होता, 'शहीद वैमानिक कानिफनाथ पुंजाराम' आणि पुढे तारीख, गाव. मी पंचायतीच्या पडवीत बसून ती लिहिली. सुरेख अक्षर पडलं. फक्त एका जागी मी माझ्या मनाचं केलं. 'वैमानिक'च्या ऐवजी 'वायुसैनिक' लिहिलं. दोन्ही शब्द 'व'नंच सुरू होतात, कोण बघतंय? त्यात खोटं काही नव्हतं आणि मामींनाही त्यातून काही कळणार नव्हतं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

अण्णांनी पाटी वाचली, आणि पडवीत बसलेल्या दोघांना कामं सांगून बाहेर पाठवलं.

"शब्द चुकलाय, मेहताबभाई."

"चुकला नाही अण्णा."

"मला ठावं हाय चुकला न्हाई." ते माझ्याजवळ खालीच बसले. "गोरक्षनाथ आधी माझ्याकडंच आला हुता. घर इचारत. समदं सांगितलं त्येनं मला."

मी ब्रश खाली ठेवला. "मग चाकं का कापायला लावलीत?"

"गावात फिरला न्हाईत का तुमी? हिरी आटल्या. जनावरं छावनीत गेली. बाया खडी फोडाय जात्यात. यंदा गावापाशी मान वर करून बघन्यासारखं काय हाय, सांगा? येक पोरगं, त्ये बी आकाशात." बोलताना ते पडवीबाहेरच्या कोरड्या आभाळाकडे बघत होते, ढोंग नव्हतं. "फिटर म्हनलं का कोन बघतंय वर? आन् पत्रिका छापून वाटल्या, वैमानिक म्हनून. आता माघारी कुठं जाऊ मी?"

"निदान मामांना सांगा, तुम्हाला माहीत आहे म्हणून."

"नको. त्यो मानूस लाजंनं मरंल. त्येला वाटू द्या मला ठावं न्हाई." ते उठले. "पुसा त्ये."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता, याचाच मला राग येत होता. पत्रं वाचलेल्या मास्तरांसकट जो तो दुसऱ्या कोणासाठी तरी गप्प बसला होता. भांडायचं कोणाशी? मी चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि 'वायुसैनिक' पुसून काढला. तिथे 'वैमानिक' लिहिला. पुसलेला शब्द लांब होता, त्यामुळे कडेला थोडी जागा रिकामी राहिली. ती भरायला मी एक छोटं कमळ काढलं. ट्रकवर काढतो तसलंच.

पंधरा ऑगस्टला सगळं पार पडलं. तालुक्याहून पाहुणे आले, शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं, निळ्या कोरड्या आकाशात चंदेरी विमान तिरकं झालेलं होतं आणि खरं सांगायचं तर ते फार सुंदर दिसत होतं. पाहुण्यांनी भाषणात कानिफनं शत्रूच्या विमानाचा पाठलाग कसा केला ते सांगितलं. कोणी सांगितलं होतं त्यांना, कोण जाणे. मामांना व्यासपीठावर बोलावून 'वैमानिकाचे वडील' म्हणून शाल दिली. त्यांनी ती घेतली, हात जोडले आणि खाली येऊन परत माझ्याशेजारी मांडी घालून बसले. शालीची घडीही त्यांनी मोडली नाही.

माणसं भराभर पांगली. बायकांना पाण्याला जायचं होतं. खांबाखाली आम्ही तिघंच उरलो. माझी एसटी दोनची होती, मी डबे आणि ब्रश पिशवीत भरत होतो.

रतनमामी कपाळावर हात धरून केव्हाच्या वर बघत होत्या.

"आवो," त्या म्हणाल्या, "त्येला तिथनं आपुन दिसत आसूं का?"

माझे हात थांबले. मी मामांकडे बघायचं टाळलं. 

"आपुन दिसतो की," मामा म्हणाले.

"येवढ्या उंचावरनं?"

"लई बारीक दिसतो. पन दिसतो."

असं म्हणून त्यांनीही मान वर केली, आणि मग हातानं चाचपून डोक्यावरची टोपी सरळ केली.